कांद्याच्या गावाला जाताना : लासलगावविषयी वाचकांचे प्रश्न

लासलगावला एक दिवस जायचे तर काय पाहावे, केव्हा पाहावे, कुणाला विचारावे, अशी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना इथे उत्तरे दिली आहेत. गाव नाशिक जिल्ह्यात, निफाड तालुक्यात. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्याने निफाडमार्गे विंचूरला यायचे आणि तिथून डावीकडे वळायचे. एकूण अंतर साधारण ६० किलोमीटर. मनमाड-नाशिक लोहमार्गावर गावाचे स्टेशनही आहे, पण तिथे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. त्यामुळे परतीची गाडी बघूनच निघा.

प्रश्न : नाताळच्या सुट्टीत जावे की मे महिन्यात? दोन्ही वेळा कांदा असतो असे ऐकतो. (ठाणे)

कांदा दोन्ही वेळा दिसेल, पण पीक वेगळे आणि चाललेले कामही वेगळे. या भागात कांदा वर्षातून तीन वेळा येतो. खरिपाचा कांदा मे-जूनमध्ये रोपवाटिकेत पेरतात, जुलै-ऑगस्टमध्ये लावतात आणि तो ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. बाजारात याला लाल कांदा किंवा पोळ कांदा म्हणतात. रांगडा ऑगस्ट-सप्टेंबरात पेरून जानेवारी ते मार्चमध्ये निघतो. उन्हाळ कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरात पडते, लागवड डिसेंबर-जानेवारीत होते आणि काढणी मार्चअखेरीपासून मेपर्यंत चालते. चाळीत, म्हणजे शेतातल्या कांदा साठवायच्या छपरात, जातो तो हाच.

एकच फेरी जमणार असेल तर डिसेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा जानेवारीचा पहिला आठवडा धरा. सकाळी बाजारात लाल कांद्याचा लिलाव आणि दुपारी शेतात उन्हाळ कांद्याची लागवड, अशी एकाच दिवसात दोन पिके दोन टोकांना पाहायला मिळतात. लागवड जवळून बघण्यासारखी असते. ५०-५५ दिवसांचे रोप उपटून, शेंडे छाटून, मुळे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून जुड्या वाफ्यावर ठेवलेल्या असतात. बायांची टोळी ओणवी होऊन एकेक काडी अंगठ्याने मातीत दाबत मागे सरकत जाते. दोन ओळींत १५ सेंटिमीटर, दोन रोपांत १० सेंटिमीटर. या हिशेबाने एका एकरात अडीच लाखांच्या आसपास रोपे बसतात आणि त्यातले प्रत्येक हातानेच लागते. रोप खोल दाबले तर कांदा लांबट होतो, वर राहिले तर पहिल्याच पाण्यात आडवे पडते. दहा मिनिटे शांतपणे बघितले तर लावणाऱ्या बोटांची लय लक्षात येते.

एप्रिलमध्ये गेलात तर काढणी दिसेल. निम्म्या माना, म्हणजे कांद्याला लागून असलेले पातीचे बुंधे, पडल्या की पीक तयार झाले असे समजतात. काढणीआधी दोन-तीन आठवडे पाणी तोडलेले असते. उपटलेला कांदा पातीसकट ओळीने अशा रीतीने ठेवतात, की मागच्या ओळीचा कांदा पुढच्या ओळीच्या पातीखाली झाकला जावा. उन्हाचा चटका थेट बसला की कांदा भाजून निघतो, म्हणून ही काळजी. तीन ते पाच दिवसांनी पात पिळून, इंच-दीड इंच मान ठेवून कापतात आणि मग दहा-बारा दिवस सावलीत ढीग लावतात. एप्रिलचे ऊन मात्र कडक असते. शेतातला फेरफटका सकाळी दहाच्या आत उरका.

चुकण्यासारखे दिवस कोणते, तेही सांगतो. रविवारी लिलाव नसतो. दिवाळीत बाजार काही दिवस सलग बंद राहतो. मार्चअखेरीस हिशेबांसाठी बंद ठेवतात. अमावास्येला लिलाव न करण्याची इथे जुनी प्रथा आहे, ती अलीकडे मोडू लागली आहे. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी बाजार समितीच्या कार्यालयात फोन करून उद्या लिलाव आहे का, हे विचाराच. रिकामे आवार बघायला दोनशे किलोमीटर जाणारे लोक दरवर्षी असतात.

प्रश्न : लिलाव बाहेरच्या माणसाला बघता येतो का? आणि तो समजतो का? (पुणे)

बघता येतो, आणि आधी चार गोष्टी माहीत असतील तर समजतोही. लासलगाव बाजार समिती १९४७ पासूनची. मुख्य आवार लासलगावात, उपबाजार निफाड आणि विंचूर इथे. देशभरातले व्यापारी सकाळी इथला भाव विचारून आपला भाव ठरवतात, त्यामुळे या आवारात जे बोलले जाते ते दुपारपर्यंत फार लांब पोचलेले असते.

सकाळच्या सत्रासाठी साडेआठपर्यंत आवारात हजर राहा. लिलाव सुरू होण्याआधीचा अर्धा तास फार मोलाचा. ट्रॅक्टर-ट्रॉल्या, पिकअप गाड्या फाटकावर नोंद करून आत येतात आणि ओळीने उभ्या राहतात. एका ट्रॉलीत साधारण २० ते ३० क्विंटल माल असतो. बहुतेक कांदा मोकळाच भरलेला, गोण्यांत नाही, कारण व्यापाऱ्याला ढिगाच्या पोटातला माल बघायचा असतो. शेतकरी मागचा फाळका उघडून उभा राहतो. या वेळेत कुणी भेटले तर निवांत बोलतात. एकदा पुकारा सुरू झाला की कुणाला सवड नसते.

मग समितीचा लिलाव पुकारणारा पुढे, त्याच्याभोवती व्यापाऱ्यांचा घोळका, असा सगळा ताफा ओळीने सरकत जातो. एका गाडीजवळ थांबतात, पाच-सहा हात ढिगात जातात, कुणी एक आकडा बोलतो, त्यावर पाच, दहा, पंचवीस रुपयांनी बोली चढते आणि मिनिटभराच्या आत संपते. आकडा नेहमी क्विंटलचा. 'अठराशे पंचवीस' ऐकू आले तर किलोला सव्वाअठरा रुपये समजा. नवख्याला वाटते की सौदा घाईत उरकला. खरे तर ज्याने हात घातला त्याला हवे ते पहिल्या पाच सेकंदांतच कळलेले असते. बोली पटली नाही तर माल न देण्याचा हक्क शेतकऱ्याला असतो.

बहुतेक पाहुणे इथूनच परततात, आणि तिथेच चुकतात. सौदा झाल्यावर चिठ्ठी घेऊन ट्रॉली भुईकाट्यावर जाते. भरलेल्या गाडीचे वजन होते. मग ती व्यापाऱ्याच्या खळ्यावर जाऊन रिकामी होते आणि रिकाम्या गाडीचे वजन पुन्हा होते. दोन्हींतला फरक म्हणजे माल. खऱ्या कुरबुरी खळ्यावर होतात. वरचा माल चांगला आणि खालून ओला किंवा नासका कांदा निघाला की व्यापारी भाव कमी करायला बघतो, शेतकरी नकार देतो आणि प्रकरण समितीकडे जाते. शेवटी हिशेबपट्टी हातात येते. तिच्यात वजन, भाव, कपात आणि निव्वळ रक्कम लिहिलेली असते. एखाद्याने आपणहून पट्टी दाखवली तर ती नीट वाचा. शेतमालाच्या व्यापाराचे सगळे व्याकरण त्या कागदावर असते.

उभे कुठे राहावे? दोन ओळींच्या मधल्या जागेत कधीच नाही. लिलाव झालेल्या गाड्या तिथूनच मागे घेतात आणि दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या चालकाला मागचे काही दिसत नाही. ओळीच्या टोकाला, शेडच्या कडेला उभे राहा. ताफ्याच्या मागे चार पावले ठेवून चाललात तर कुणी हरकत घेत नाही. ताफ्याच्या पुढे जाऊन मोबाइल धरलात तर बोली ऐकणाऱ्याला अडथळा होतो आणि लगेच हाक येते.

प्रश्न : व्यापारी कांदा हातात घेऊन नेमके काय बघतो? (सोलापूर)

आधी मान. अंगठा मानेवर दाबला जातो. मान बारीक आणि वाळून मिटलेली असेल तर कांदा टिकतो. जाड, मऊ मान म्हणजे आत ओल आहे आणि बुरशीला वाट मोकळी आहे. खरिपाच्या कांद्याच्या माना आपोआप पडत नाहीत. म्हणून काढणीआधी रिकामे पिंप फिरवून पात मोडतात. ते केले नसेल तर मान जाड राहते आणि व्यापाऱ्याला ते हातात घेताच कळते.

मग पत्ती, म्हणजे वरचा पापुद्रा. दोन पदरी, चकचकीत, न सुटणारी पत्ती असेल तर त्याला 'डबल पत्ती' म्हणतात. लांबच्या प्रवासात घासाघीस झाली तरी असा कांदा उघडा पडत नाही, म्हणून त्याला भाव जास्त. पत्तीखाली काळी भुकटी दिसली की ती काजळी. ही बुरशी दमट हवेत वाढते. नंतर आकार. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, त्याची बोली वेगळी लागते. एका पापुद्र्यात दोन फुटवे असलेला जोड कांदा आणि मधे दांडा असलेला डेंगळा हे दोन्ही भाव पाडतात. डेंगळ्याचा दांडा आतून पोकळ होऊन कुजतो आणि शेजारच्या कांद्यालाही लागण होते. सगळ्यात खालच्या, टाकाऊ मालाला 'खाद' म्हणतात. खळ्यावर बाया ही निवड करत बसलेल्या दिसतील. परवानगी घेऊन अर्धा तास तिथे थांबा. कांदा ओळखायला याहून चांगली जागा नाही.

प्रश्न : तिथून घरासाठी कांदा आणता येईल का? मागे आणलेली गोणी महिन्याभरात नासली. (कल्याण)

लिलावात अख्खी ट्रॉली विकली जाते, तिथे दहा-वीस किलो मिळणार नाही. आवाराबाहेरच्या किरकोळ विक्रेत्याकडून किंवा ओळख झालेल्या शेतकऱ्याच्या चाळीतून घ्या.

गोणी का नासली याची दोन कारणे संभवतात. पहिले, तुम्ही हिवाळ्यात लाल कांदा आणला असावा. तो दिसायला सुंदर, चवीला तिखट, पण त्यात पाणी जास्त आणि सुप्तावस्था, म्हणजे कोंब न धरता राहण्याचा काळ, फार थोडी. दोन-चार आठवड्यांत तो वापरायचाच असतो. साठवणीसाठी एप्रिल-मेमधला उन्हाळ कांदा घ्या. विटकरी रंगाचा, घट्ट, मध्यम आकाराचा, हातात घेतल्यावर पत्ती कागदासारखी वाजणारा. फार मोठा कांदा घेऊ नका, तो आधी नासतो. दुसरे कारण, गोणी बांधूनच ठेवली असावी. कांदा श्वास घेतो, त्यातून ऊब आणि वाफ सुटते. गोणीच्या मधल्या भागात ती कोंडली की तिथूनच कुजायला सुरुवात होते.

घरी आणल्याच्या दिवशीच गोणी ओता. मऊ, जाड मानेचे, खरचटलेले कांदे बाजूला काढून आधी वापरा. बाकीचे बांबूच्या टोपल्यांत किंवा जाळीच्या रॅकवर दोन थरांपेक्षा जास्त न रचता, वारा लागेल पण ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत नको, बटाट्यांजवळ नको आणि फ्रिजमध्ये तर नकोच. फ्रिजचा गारवा कांद्याची झोप मोडतो आणि बाहेर काढल्यावर तो भराभर कोंब धरतो. आठ दिवसांनी एकदा हात फिरवून खराब कांदा काढत राहा. मेमधला चांगला कांदा या पद्धतीने गणपतीपर्यंत सहज जातो.

प्रश्न : कांदा चाळ म्हणजे काय आणि ती बघताना कशाकडे लक्ष द्यावे? (कोल्हापूर)

लासलगाव परिसरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शेतात लांबट, जाळीदार भिंतींची, जमिनीपासून उचललेली छपरे दिसतात, त्या चाळी. दिसायला साध्या, पण त्यांची प्रत्येक मापे अनुभवाने ठरलेली आहेत. २५ टनांच्या दुपाखी चाळीत दोन बाजूंना दोन कप्पे आणि मधे चालायला बोळ असतो. प्रत्येक पाखी सुमारे ४० फूट लांब, ४ फूट रुंद आणि कांद्याचा थर ५ फूट उंच. गुणाकार केलात तर दोन्ही पाख्या मिळून १,६०० घनफूट, म्हणजे घनफुटाला साधारण १५-१६ किलो कांदा.

रुंदी चारच फूट का? दोन्ही बाजूंनी शिरणारा वारा ढिगाच्या मध्यापर्यंत पोचला पाहिजे. उंची पाचच फूट का? त्यावर रचला की तळाचा कांदा दबतो, फुटतो आणि रस सुटतो. तळ जमिनीपासून दोनेक फूट वर असतो, कारण वारा खालूनही यायला हवा आणि पावसाळ्यात जमिनीची ओल लागू नये. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधतात, दुपाखी पूर्व-पश्चिम. छपराला कौले किंवा सिमेंटचे पत्रे चांगले. साधा लोखंडी पत्रा मेच्या उन्हात तापतो आणि वरचा थर भाजतो. छप्पर भिंतीच्या बाहेर हातभर तरी आलेले असावे, नाहीतर वळवाचा पाऊस तिरका आत शिरतो. चाळ बघायला गेलात की याच गोष्टी तपासा. जिथे मापे सोडून बांधकाम केले आहे तिथला वास तुम्हाला ऑगस्टमध्ये बाहेरूनच येईल.

कांद्याला २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता मानवते. जूनपासून हवा दमट होते तेव्हा सड वाढते. पावसाळा सरला आणि रात्री गार होऊ लागल्या की सड थांबते, पण कोंब फुटायला लागतात. या दोन्हींत वजनातली घटही धरली तर चार-सहा महिने ठेवलेल्या मालातला फार मोठा वाटा हातचा जातो. 'भाव वाढेपर्यंत ठेवायचा ना' असे शहरातला माणूस सहज बोलून जातो. ठेवणाऱ्यासमोर रोज एक हिशेब असतो : भाव जितका चढेल त्याहून जास्त कांदा सडणार तर नाही? चाळीच्या खाली पाण्याचे ओघळ दिसले की त्या घरचा हिशेब त्या रात्री चुकलेला असतो. अशा वेळी फोटो काढू नका.

प्रश्न : आठवीच्या ४५ मुलांची सहल न्यायची आहे. (शिक्षक, अहिल्यानगर)

जरूर न्या. बाजार समितीच्या सचिवांच्या नावे शाळेच्या लेटरहेडवर किमान पंधरा दिवस आधी पत्र द्या. त्यात तारीख, मुलांची संख्या आणि सोबतचे शिक्षक लिहा. पंचेचाळीस मुले एकदम लिलावाच्या ओळीत नेऊ नका. पंधरा-पंधराचे तीन गट करा. एक गट लिलावाशी, एक भुईकाट्याशी, एक समितीच्या भावफलकापाशी, आणि वीस मिनिटांनी जागा बदला. प्रत्येक गटाबरोबर दोन मोठी माणसे हवीत, एक पुढे आणि एक मागे. मुलांचे बूट बंद असावेत, कारण आवारात सडका कांदा आणि चिखल यांवरून पाय घसरतो. टोपी, पाण्याची बाटली आणि हातरुमाल हवाच. वाळलेल्या पापुद्र्यांची धूळ उडते, दमा असलेल्या मुलांना खळ्यावर नेऊ नका. पोरींसाठी स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे हे पत्रातच विचारून घ्या. आवारातली सोय गर्दीच्या दिवसांत अपुरी पडते.

मुलांना कोरडी माहिती लिहून घ्यायला लावण्यापेक्षा एक काम द्या. भावफलकावर रोज किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव लिहिलेले असतात. प्रत्येक गटाने आपण ऐकलेले दहा सौदे वहीत टिपायचे, त्यांची सरासरी काढायची आणि संध्याकाळी फलकाशी ताडून बघायची. दोन्ही आकडे जुळत नाहीत, आणि का जुळत नाहीत यावर वर्गात एक तास आरामात जातो.

प्रश्न : लासलगावला अणुऊर्जेचे केंद्र आहे म्हणतात. कांद्याशी त्याचा काय संबंध? (नागपूर)

ते वीज तयार करणारे केंद्र नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये इथे 'कृषक' हे विकिरण केंद्र सुरू केले. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र या नावाचा तो संक्षेप. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून शेतमाल नेला जातो. कांद्याला ६० ते ९० ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) इतकी अगदी कमी मात्रा पुरते. कोंबाच्या टोकाशी ज्या पेशी विभागून वाढतात त्यांची वाढ तेवढ्याने थांबते आणि कांदा कोंब धरत नाही. हे काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत करावे लागते, आत कोंब हलायला लागल्यावर उपयोग नाही. सडण्यावर मात्र या मात्रेचा इलाज चालत नाही, त्यासाठी सुकवण आणि हवाच लागते. कांदा किरणोत्सारी होतो ही भीती निराधार आहे. किरण आरपार जातात, आत काही उरत नाही. २००७ मध्ये भारतीय आंबा अमेरिकेला जाऊ लागला तो इथल्याच प्रक्रियेनंतर. कोयीतल्या किडीच्या बंदोबस्तासाठी आंब्याला किमान ४०० ग्रे द्यावे लागतात.

आत जाण्यासाठी लेखी पूर्वपरवानगी लागते. वाटेत सहज थांबून बघण्याची ही जागा नाही.

प्रश्न : लिलाव दुपारपर्यंत आटोपला तर उरलेला दिवस कुठे घालवावा? (मुंबई)

हिवाळा असेल तर नांदूर मधमेश्वर. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावर ब्रिटिश काळात बांधलेला हा बंधारा. गाळ साचून इथे उथळ पाणी आणि पाणवनस्पतींची दाटी झाली आणि पक्षी येऊ लागले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत २०२० मध्ये आलेली ही महाराष्ट्रातली पहिली जागा. चापडगावच्या बाजूने गेलात की निरीक्षण मनोरे मिळतात. चक्रवाक, तलवार बदक, चमचा, जांभळी पाणकोंबडी हमखास दिसतात. दुपारी चारनंतर जा, भर दुपारी पक्षी दूर बसलेले असतात. शेतीची गोष्ट इथेही सुटत नाही. याच बंधाऱ्यातून निघालेल्या गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडची शेती भिजवली.

निफाडजवळच्या कुंदेवाडीला गहू संशोधन केंद्र आहे. त्र्यंबक, तपोवन, पंचवटी, गोदावरी ही गव्हाच्या वाणांची नावे ऐकली असतील, तो सगळा इथला गोतावळा. निफाडचे कडाक्याचे किमान तापमान हिवाळ्यात वर्तमानपत्रात छापून येते, तेही याच केंद्राच्या नोंदीचे. ही थंडी गव्हाला मानवते, द्राक्षाला नाही. पारा पाच अंशांच्या खाली उतरला की बागाईतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, नाहीतर मणी तडकतात. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्मही निफाडचाच, १८४२ सालचा.

द्राक्षबागेत कुणी नेले तर घडाला बोट लावू नका. मण्यावर पांढुरकी लव असते. ती पुसली गेली की त्या घडाची निर्यातीची प्रत गेली. फवारणी कधी झाली हे विचारूनच आत शिरा.

प्रश्न : पावसाळ्यात यावे का? (रत्नागिरी)

शेतात फारसे दिसणार नाही, काळ्या मातीत गाडी रुतते. पण चाळीतला कांदा बाजारात येतच असतो, त्यामुळे लिलाव बघायचा असेल तर चालेल.

प्रश्न : शेतकऱ्याला 'भाव किती मिळाला' असे विचारणे बरे दिसते का? (डोंबिवली)

लिलाव उघड्यावर होतो, भाव सगळ्यांना ऐकू येतो. पण तोच प्रश्न पहिला विचारला तर बोलणे तिथेच थांबते, विशेषतः पडत्या भावाच्या दिवशी. सुरुवात पिकापासून करा. रोप घरचे होते की विकतचे? बी कुठले? कांद्याचे बी वर्षभरात उगवण गमावते, म्हणून घरचे बी राखणारा शेतकरी त्याविषयी अभिमानाने बोलतो. एकरी उतारा किती पडला? लागवडीला टोळी मिळाली का? पीळ किंवा करपा हे रोग कितपत आले? इथपर्यंत बोलणे आले की भावाची गोष्ट समोरचा माणूस आपणहून काढतो.

आणि तो निर्यातीबद्दल बोलू लागला तर ऐकून घ्या. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली. ती मे २०२४ मध्ये उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शुल्क पूर्ण हटले ते १ एप्रिल २०२५ पासून. शहरात या बातम्या एका ओळीच्या असतात. इथे चाळीत भरलेला प्रत्येक क्विंटल त्या तारखांना बांधलेला असतो. लासलगाव स्टेशनवरून मालगाडी भरत असेल तर तीही बघा. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारी साठ्यातला सुमारे १,६०० टन कांदा एकाच गाडीने इथून दिल्लीला गेला होता. ट्रॉलीत २५ क्विंटल धरले तर तो ६४० ट्रॉल्यांचा माल होतो. सकाळी आवारात उभी असलेली एकेक ओळ डोळ्यांपुढे ठेवून हा आकडा मोजून बघा.